मागच्या चाकाची जबाबदारी



आपल्या परिचयाच्या घरांतील दिवाणखान्यांमध्ये अलीकडे एक नवी वस्तू दिसू लागली आहे. पूर्वी ज्या भिंतीवर वडीलधाऱ्यांची तसबीर आणि दिनदर्शिका एवढेच असे, तेथे आता रंगीत फितींची पदके लटकताना दिसतात. ही पदके सायकलफेऱ्यांची असतात. रविवारी पहाटे उठावे, पंचवीस, पन्नास किंवा शंभर किलोमीटर सायकल चालवावी आणि शेवटी पदक, प्रमाणपत्र व पोह्यांची बशी घेऊन आनंदाने घरी परतावे, हा उपक्रम आपल्या व्यापारी कुटुंबांत चांगला रुजला आहे. दिवसभर गादीवर बसून हिशेब पाहणाऱ्या माणसास त्याचा लाभच होतो, याविषयी दुमत नसावे.

परंतु या फेऱ्या करता करता काही जणांच्या मनात पुढची इच्छा जागी होते. एका वाचक-पित्याने नुकतेच विचारले आहे, ‘‘मुलगा बावीस वर्षांचा आहे. पन्नास झाले, शंभर झाले, गेल्या हिवाळ्यात दोनशे किलोमीटरची बीआरएमही झाली. आता म्हणतो, रोड रेसमध्ये उतरायचे. त्याची आई नको म्हणते. मी काय उत्तर द्यावे?’’

या प्रश्नाचे उत्तर मला माझी स्वतःची एक चूक सांगितल्यावाचून देता येणार नाही. ती सांगण्यापूर्वी फेरी, बीआरएम आणि शर्यत या तीन गोष्टींतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कारण बाहेरून पाहणाऱ्यास तिन्ही सारख्याच दिसतात. सायकल तीच, शिरस्त्राण तेच, रस्ताही बहुधा तोच असतो.

सायकलफेरी हा उत्सव असतो. तेथे लहान-थोर, साध्या सायकलीवाले आणि महागड्या सायकलीवाले एकत्र निघतात. कोण आधी पोहोचला, यास महत्त्व नसते. बीआरएम ही त्यापुढची पायरी. ही पद्धत फ्रान्समधील जुन्या परंपरेतून आली आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करावयाचे, अशा तिच्या मुदती आहेत. मार्गावरील ठरलेल्या ठिकाणी हजेरी नोंदवावी लागते. पंक्चर झाले, तर ते स्वतः काढावयाचे. वाटेत भूक लागली, तर आपली सोय आपणच पाहावयाची. मुदतीत पोहोचलेले सर्व समान. पहिला-दुसरा असा क्रम तेथे लावला जात नाही. थोडक्यात, बीआरएममध्ये माणूस स्वतःपुरता उत्तरदायी असतो. तो थकला तर थांबतो, घाबरला तर हळू जातो, आणि त्यामुळे दुसऱ्या कोणाचे सहसा बिघडत नाही.

शर्यतीचे तसे नाही. एकाच रस्त्याचे दोन उपयोग कसे होतात, याचे उत्तम उदाहरण पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस हे आहे. सुमारे १२०० किलोमीटरचा हा मार्ग प्रथम १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाला आणि शार्ल तेराँ या फ्रेंच सायकलपटूने ती सुमारे ७१ तासांत जिंकली. पुढे व्यावसायिकांची शर्यत १९५१ नंतर बंद पडली. आज त्याच मार्गावर दर चार वर्षांनी जगभरातील हौशी सायकलस्वार ९० तासांच्या कमाल मुदतीत आपली कसोटी पाहतात. रस्ता एकच, परंतु एका काळी तेथे दुसऱ्यास मागे टाकावयाचे होते, आज स्वतःला शेवटपर्यंत न्यावयाचे आहे. ज्यास पहिल्याकडून दुसऱ्याकडे किंवा दुसऱ्याकडून पहिल्याकडे जावयाचे आहे, त्याने आपण प्रांत बदलत आहोत हे ओळखले पाहिजे.

मी ते ओळखले नव्हते.

माझा भुसार मालाचा गाळा पुण्याच्या मार्केट यार्डात आहे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तातील साखरेविषयी इशारा दिला, म्हणून मी सायकल घेतली. प्रथम बिबवेवाडीतून कात्रजपर्यंत जाऊन परत येण्यातही धाप लागत असे. दोन वर्षांत मी बोपदेव घाट चढून सासवडला जाऊ लागलो. चार वर्षांत २००, ३०० आणि ४०० किलोमीटरच्या बीआरएम पूर्ण केल्या. बाजारातील मंडळी कौतुक करीत आणि ते कौतुक मला आवडे, हे मान्य करण्यास आता संकोच वाटत नाही. चारशे किलोमीटर चालवणाऱ्यास साठ किलोमीटरची शर्यत ती काय जड जाणार, असा हिशेब मी मांडला आणि एका स्थानिक शर्यतीच्या चाळीस वर्षांवरील गटात नाव नोंदवले.

निशाण हलले आणि अवघ्या वीस मिनिटांत मी एकटा पडलो. पुढचा घोळका, ज्यास सायकलपटू पेलोटॉन म्हणतात, वळणापलीकडे दिसेनासा झाला. उरलेले अंतर मी एकट्याने कापले आणि शेवटून तिसरा आलो.

घरी आल्यावर मी हे असे का झाले, याचा शोध घेतला. उत्तर हवेत होते. सपाट रस्त्यावर तीसच्या आसपास वेग गेला, की सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. आणि ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरवरून ३६ वर जावयाचे म्हटले, तर वेग एक पंचमांशानेच वाढतो. परंतु हवेशी झगडण्यास लागणारी शक्ती सुमारे पावणेदोन पट होते. म्हणूनच शर्यतीत कोणीही एकटा जात नाही. पुढच्याच्या आडोशाने, त्याच्या मागच्या चाकाजवळ राहिले, तर साधारण पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. सर्वांनी आळीपाळीने पुढे यावे, वारा झेलावा आणि मागे जाऊन श्वास घ्यावा, अशी ही व्यवस्था असते. एकदा हा आडोसा सुटला, की तोच वेग राखण्यासाठी दीडपट शक्ती लागते, आणि ती फार थोड्यांजवळ असते.

बीआरएमने मला दिवसभर सावकाश जाण्याची ताकद दिली होती. शर्यतीत लागते ती वेगळीच ताकद. वळणातून बाहेर पडताना किंवा चढावर कोणी निसटू पाहतो, तेव्हा अर्धा मिनिट जिवाच्या आकांताने पायडल मारावे लागते, लगेच सावरावे लागते आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच करावे लागते.

येथपर्यंत सारे ठीक होते. मी चिकाटीने सराव सुरू केला. हँडलवर लावण्याचा नवा मीटर आणला. त्यावर वेग, हृदयाचे ठोके, पायडलची गती, सर्व आकडे दिसत. व्यापाऱ्याच्या मनास आकडे फार लवकर पटतात. दर रविवारी सासवडहून जेजुरीच्या दिशेने आठ-दहा जणांचा एक चमू निघत असे. त्यात मी जाऊ लागलो. त्या चमूत एक वीस-एकवीस वर्षांचा महाविद्यालयीन तरुण होता. तो मला काका म्हणत असे आणि वाऱ्यात बहुधा माझ्या मागे राहत असे.

त्या दिवशी बाजूने वारा होता. मी पुढे होतो. मीटरवर ३८ हा आकडा दिसत होता आणि तो ४० व्हावा, अशी माझी इच्छा होती. आकड्यावरून नजर वर उचलली, तेव्हा पुढ्यात खड्डा होता. मी ओरडलो नाही, हाताने खूणही केली नाही. सायकल झटक्याने डावीकडे घेतली. माझे मागचे चाक त्या मुलाच्या पुढच्या चाकाला लागले. मला साधा धक्का जाणवला. मागे वळून पाहिले, तेव्हा तो रस्त्यावर पडलेला होता.

सायकलचालनात हा नियम प्रत्येकाने ध्यानी ठेवावा. दोन चाके एकमेकांस लागली, तर पुढचा बहुधा सावरतो आणि मागचा पडतो; कारण मागच्याचे पुढचे चाक वळवले जाते आणि त्याचा तोलच नाहीसा होतो. चूक माझी होती, पडला तो. त्याचे गळ्याजवळचे हाड, ज्यास हासळीचे हाड म्हणतात, मोडले. शिरस्त्राणास तडा गेला होता. म्हणजेच ते नसते तर काय झाले असते, याचा विचार आजही मनास अस्वस्थ करतो.

रुग्णालयाचा खर्च मी केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्नीसह त्याच्या घरी गेलो. मुलाने उशीला टेकून हसण्याचा प्रयत्न केला. ‘‘काका, तुम्ही मुद्दाम थोडेच केलेत? होते असे कधी कधी.’’

त्याच्या आईने पाणी आणून ठेवले आणि समोर बसल्या. आवाजात राग नव्हता.

‘‘भाऊ, तुम्हांला खड्डा दिसला नव्हता का?’’

‘‘उशिरा दिसला.’’

‘‘मग तुम्ही पाहत काय होता?’’

मी म्हणालो, ‘‘वेग.’’

त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. परतताना मोटारीत आम्ही दोघेही गप्प होतो. घरी वडील वाट पाहत होते. मी बिलाची रक्कम सांगितली. ते म्हणाले, ‘‘पैसे देऊन आलास ते बरे केलेस. पण खाते मिटले असे समजू नकोस.’’

त्यानंतर तीन महिने मी सायकलला हात लावला नाही. सोडून द्यावे, असेही मनात आले. परंतु तो मुलगा बरा झाल्यावर स्वतः गाळ्यावर आला आणि म्हणाला, ‘‘काका, तुम्ही येणार नसाल, तर आई मलाही जाऊ देणार नाही. तिला वाटते, तुम्हांलाच भीती वाटत असेल, तर त्यात नक्कीच काही वाईट आहे.’’ मग मी पुन्हा गेलो. परंतु या वेळी मीटर काढून ठेवला आणि सहा महिने केवळ एकच गोष्ट शिकलो : घोळक्यात कसे वागावे.

ज्या पित्याने प्रश्न विचारला आहे, त्यांच्या मुलासाठी मी ती येथे क्रमाने लिहितो. पुढे असणाऱ्याने आपण मागच्यांचे डोळे आहोत, हे क्षणभरही विसरू नये. त्यांना रस्ता दिसत नाही, केवळ आपली पाठ दिसते. खड्डा, वाळू, गतिरोधक, उभे वाहन, काहीही दिसले, तर हाताने दाखवावे आणि मोठ्याने सांगावे. दिशा बदलावयाची ती हळूहळू. अचानक ब्रेक लावू नये. मागे असणाऱ्याने आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला सरकू देऊ नये. ते त्याच्या किंचित मागेच असावे. नजर पुढच्या चाकावर खिळवू नये, तर त्याच्या खांद्यावरून पलीकडे टाकावी. उभे राहून पायडल मारावयाचे झाल्यास प्रथम जोर द्यावा आणि मगच उठावे; अन्यथा सायकल वीतभर मागे येते आणि मागच्याच्या चाकाला लागते. बाटली काढावयाची ती पाहून, हँडल न हलवता. उतारावर अंतर वाढवावे आणि वळणाआधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. थकवा आला असेल, तर पुढे येण्याची आपली पाळी निःसंकोच सोडावी. थकलेला माणूस रेघ सोडतो आणि त्याची किंमत दुसरा देतो.

हे सर्व पुस्तक वाचून येत नाही. अनुभवी चमूबरोबर, कमी वेगात, महिनोन्महिने चालवूनच ते अंगी मुरते. माझ्या मते जो तरुण घोळक्यात शांतपणे, सरळ रेघेत आणि इतरांस सांभाळून चालवू शकतो, त्याची पहिली तयारी झाली. पायांतील ताकद मागाहून येते. आम्ही बहुतेक जण ताकद आधी मिळवतो आणि शिस्त नंतर शिकतो. मी शिकलो, ती दुसऱ्याच्या हाडाच्या मोलाने.

आता ताकदीविषयी. पेढी सांभाळणाऱ्यास आठवड्यात सात-आठ तासांपेक्षा अधिक वेळ मिळणे कठीण. तेवढ्यातही बरेच साधते. अनुभवी प्रशिक्षक सांगतात, की एकूण वेळेपैकी सुमारे ८० टक्के वेळ असा सराव करावा, की ज्यात बोलता येईल. उरलेल्या वेळेत मात्र खरोखर कठीण प्रयत्न करावेत. आपण नेमके उलट करतो. रोज मध्यम जोराने जातो. त्यामुळे विश्रांतीही होत नाही आणि कसही लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस ठराविक कालावधीचे कठीण प्रयत्न, उदाहरणार्थ चार-चार मिनिटांचे पाच चढ, दोन दिवस सावकाश, रविवारी लांब अंतर आणि दोन दिवस पूर्ण विश्रांती, एवढे पुरे. विश्रांतीचे दिवस वाया गेले, असे मानू नये. माल गोदामात ठेवल्यावर जसा त्याचा भाव वाढतो, तसे शरीराचे बळ झोपेत वाढते.

प्रगती मोजावयाची, तर वीस मिनिटांची कसोटी घ्यावी. सलग वीस मिनिटे टिकेल तेवढ्या जोराने चालवून पॉवर मीटरवर जी सरासरी येईल, तिच्या ९५ टक्के ही आपली तासभर टिकणाऱ्या शक्तीची ढोबळ खूण. मीटर नसेल, तर एकच घाट दर सहा आठवड्यांनी घड्याळ लावून चढावा. चाळिशीनंतर शर्यतीत उतरणाऱ्याने त्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. हा खर्च टाळू नये.

खर्चाचा विषय निघाला, म्हणून सायकलच्या किमतीविषयीही लिहितो. कारण आपल्या घरांत हा प्रश्न विचारला जातोच. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता येत नाही आणि त्या वजनाच्या आसपास जाण्यासाठी लोक लाखो रुपये मोजतात. आता हिशेब पाहा. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन असेल आणि सायकल एक किलोने हलकी केली, तर अर्ध्या तासाच्या चढणीत साधारण वीस-बावीस सेकंद वाचतील. हौशी स्वाराने पोटावरील दोन किलो कमी केले, तर त्याच्या दुप्पट वाचतील, तेही फुकट. यास्तव पहिली शर्यत जवळ असलेल्या चांगल्या रोड सायकलवरच करावी. पैसे खर्चावयाचे असतील, तर ते मापाचे शिरस्त्राण, उत्तम टायर, निर्दोष ब्रेक आणि आपल्या बांध्यानुसार सायकल बसवून घेणे यांवर खर्चावेत.

आहाराबाबत आपल्या घरांतील प्रश्न थोडे निराळे आहेत. दोन तासांहून लांब शर्यतीत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. त्याला पाच-सहा खजुरांची जोड दिली, की तासाभराची गरज भागते. चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-लिंबू-मिठाचे पाणी हीही उत्तम साधने आहेत. बाजारात मिळणाऱ्या चघळण्याच्या काही वड्यांत जिलेटिन असते आणि काही जेलमध्ये मध असतो. ज्या घरांत हे वर्ज्य आहे, त्यांनी वेष्टनावरील घटक वाचल्यावाचून काही घेऊ नये. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. शर्यती बहुधा सूर्योदयाच्या सुमारास सुटतात, म्हणजे बारा तास पोट रिकामे राहते. स्नायूंतील साठा रात्रभर बराचसा टिकतो. यकृतातील साठा मात्र उतरतो. अशांनी आदल्या दिवशी दुपारी आणि संध्याकाळी भात, पोळी, मुगाची खिचडी यांचे प्रमाण वाढवावे आणि शर्यत सुरू झाल्यावर आपल्या नियमात बसेल तितक्या लवकर खाण्यास आरंभ करावा. उपवासाच्या दिवशी कठीण सराव कदापि करू नये. नियम आणि शर्यत यांचा मेळ बसतच नसेल, तर दुपारी सुटणारी किंवा लहान अंतराची शर्यत निवडावी. त्यात उणेपणा नाही.

आता पायऱ्यांविषयी. फेऱ्यांतून थेट घोळक्याच्या शर्यतीत उडी घेऊ नये. पहिली पायरी वैयक्तिक वेळेची शर्यत, म्हणजे टाइम ट्रायल किंवा घाटचढाई. तेथे स्पर्धक ठराविक अंतराने एकेक सुटतात किंवा चढामुळे घोळका आपोआप पांगतो. स्वतःची कसोटी लागते आणि दुसऱ्यास धोका नसतो. दुसरी पायरी, अनुभवी चमूबरोबरचा सराव. तिसरी, वयोगटाची लहान शर्यत, जिचा हेतू क्रमांक मिळवणे हा नसून शेवटपर्यंत घोळक्यात राहणे एवढाच असावा. रस्ता वाहतुकीस बंद केला आहे काय, रुग्णवाहिका आणि वळणांवर स्वयंसेवक आहेत काय, याची चौकशी नाव नोंदवण्यापूर्वी करावी. ही व्यवस्था नसेल, तर बक्षीस कितीही मोठे असले तरी जाऊ नये.

आणि घोळका सर्वांनाच मानवतो असेही नाही. ज्यास तो मानवत नाही, त्याच्यासाठी स्पर्धेचा दुसरा मार्ग आहे. अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा अशा सुमारे ४८०० किलोमीटरच्या रेस अॅक्रॉस अमेरिका या शर्यतीत दुसऱ्याच्या आडोशाने चालवण्यास मनाई असते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांचा संघ म्हणून ती पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. आपापला व्यवसाय सांभाळून सराव करणारी ही माणसे आहेत, हे तरुणांच्या आणि त्यांच्या पालकांच्याही ध्यानी यावे.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची मान्यता असलेली अनेक टप्प्यांची शर्यत झाली. परदेशी संघ आपल्याच घाटांतून, आपल्याच गावांमधून वाऱ्यासारखे जातात, हे पाहिल्यावर मुलांच्या मनात इच्छा जागी होणे साहजिक आहे. ती दडपून टाकल्याने नाहीशी होत नाही. मुलगा मग घरी न सांगता जातो, आणि तेव्हा त्याच्याबरोबर कोण आहे, हेही आपणास ठाऊक नसते.

म्हणून त्या पित्यास माझे उत्तर असे. परवानगी द्यावी. पेढीवर येण्याची वेळ, झोपेची वेळ आणि वर्षाचा खर्च एकत्र बसून ठरवावा. दमून येतो म्हणून टोमणे मारू नयेत आणि मुलानेही शर्यतीच्या नावाखाली कामात सवलत मागू नये. परंतु एक अट घालावी. नाव नोंदवण्याआधी सहा महिने त्याने एखाद्या अनुभवी चमूबरोबर चालवावे, आणि ‘याच्या मागे आम्ही निर्धास्तपणे चालवू’ असे त्या चमूतील जाणत्यांनी म्हणावे. किती वेगाने जातोस, हे त्यास विचारू नये. तुझ्या मागे कोण येते आणि ते तुझ्यावर विश्वास ठेवतात काय, हे विचारावे. त्याच्या आईला काय सांगावयाचे, तेही त्याच उत्तरात आहे.

माझ्यापुरते सांगावयाचे, तर गेल्या हिवाळ्यात मी चाळीस वर्षांवरील गटाची शर्यत प्रथमच घोळक्याबरोबर पूर्ण केली. क्रमांक सत्ताविसावा आला. तो कोणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही. तो मुलगा आता तरुणांच्या गटात पहिल्या दहांत येतो. रविवारी आम्ही अजूनही सासवडला एकत्र जातो. वेगात तो माझ्या फार पुढे गेला आहे, म्हणून बहुधा मीच त्याच्या मागे असतो. खड्डा आला, की त्याचा डावा हात खाली जातो, बोट रस्त्याकडे वळते आणि तो न चुकता ओरडतो, ‘‘काका, खड्डा!’’